देवळाच्या ओसरीत आठ तास

आज मी तुम्हाला एका दिवसाची गोष्ट सांगणार आहे. तारीख २० मार्च १८२६, वार सोमवार. त्या दिवशी नाशिकहून तीसेक मैलांवरच्या एका गावात, देवळाच्या ओसरीत, एक अमेरिकन पाद्री पटकीनं वारला. पटकी म्हणजे कॉलरा. त्या पाद्र्याचं नाव गॉर्डन हॉल. आता तुम्ही म्हणाल, हा मुसलमान माणूस, कविता लिहितो मराठीत, आणि गोष्ट सांगतो ख्रिस्ती मिशनऱ्याची! पण काय करणार, ही गोष्ट गेली चाळीसहून जास्त वर्षं माझ्याजवळ आहे, आणि मधे असं काही घडलं, की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी नगर जिल्ह्यातला. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. या जिल्ह्यात मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, गावाच्या कडेला लहानसं चर्च, हे दृश्य नवं नाही. सातवीत असताना आम्हाला मराठी शिकवायला एक ख्रिस्ती गुरुजी होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. ज्ञानेश्वरीतल्या ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि रेव्हरंड टिळकांचे अभंग ते पेटीवर म्हणायचे. एकदा पावसानं वर्गाचं छत गळायला लागलं. आम्ही सगळी पोरं एका कोपऱ्यात गोळा झालो. धडा शक्य नव्हता. तेव्हा गुरुजींनी ही गोष्ट सांगितली.

गॉर्डन हॉलचा जन्म ८ एप्रिल १७८४ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टॉलंड गावचा. १८०८ मध्ये तो विल्यम्स कॉलेजातून पदवीधर झाला. १८१० मध्ये तिकडे परदेशी धर्मप्रचारासाठी ‘अमेरिकन बोर्ड’ नावाची संस्था निघाली, आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम या बंदराच्या गावी पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. हॉल त्यातला एक. जहाज सुटण्याआधी त्यानं फिलाडेल्फियात थोडं वैद्यकही शिकून घेतलं. अनोळखी मुलखात जायचं तर चार औषधं ठाऊक असलेली बरी, असा हिशेब.

तो आला तो काळ मात्र वाईट. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, कारण लोक बिथरले तर व्यापार बुडेल ही भीती. त्यातच १८१२ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं, म्हणजे हे पाहुणे शत्रूराष्ट्राचे ठरले. कलकत्त्याहून त्यांना निघून जायला सांगण्यात आलं. हॉल आणि त्याचा सोबती सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत पोचले. मुंबईतही तेच. इथून त्यांना इंग्लंडला पाठवून देण्याचं ठरलं. तेव्हा हॉलनं गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्र लिहिलं. तुम्हाला आणि आम्हाला एके दिवशी एकाच न्यायासनापुढे उभं राहायचं आहे, अशा अर्थाचं. गव्हर्नर मनानं धार्मिक होते, शिवाय त्याच साली कंपनीच्या नव्या सनदेनं मिशनऱ्यांना दार थोडं उघडलं. हॉल मुंबईत राहिला. पुढची तेरा वर्षं तो इथेच होता. अमेरिका त्यानं पुन्हा पाहिली नाही.

या तेरा वर्षांत त्यानं काय केलं? आधी मराठी शिकला. इंग्लंड-अमेरिकेचा माणूस मराठी शिकतो म्हणजे काय होतं, ते ‘ळ’ आणि ‘ण’ पाशी अडलेल्या जिभेलाच विचारावं! मग तो बाजारात, रस्त्यात, देवळांच्या आवारात उभा राहून मराठीत बोलू लागला. १८१५ च्या सुमारास मिशननं मुलांसाठी शाळा काढली. १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर छापून निघाला. १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. मुंबईतली मुलींची ती पहिली शाळा मानतात. बायबलच्या नव्या कराराचं जे मराठी भाषांतर हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाती घेतलं होतं, ते त्याच्या मृत्यूच्या सुमारास छापून पुरं झालं.

मधल्या काळात त्यानं मुंबईतल्याच एका इंग्रज बाईंशी लग्न केलं. १८२५ मध्ये मुलांच्या प्रकृतीसाठी त्या दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. थोरला मुलगा वाटेतच, समुद्रावर गेला. त्या वेळी जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून जावं लागे. पत्र पोचायला चार-पाच महिने, उत्तर यायला तितकेच. घरातलं सुख असो की दुःख, समजायचं ते वर्षानं.

आणि घर असं रिकामं झालेलं असताना, २ मार्च १८२६ ला, हॉल मुंबईहून घाटावर दौऱ्याला निघाला. बरोबर मिशनमधली दोन ख्रिस्ती पोरं. सामानात पुस्तकं आणि औषधं. मुक्काम करत, लोकांशी बोलत, पुस्तकं वाटत तो नाशिकला पोचला. नाशिकात पाहतो तर पटकीनं थैमान घातलेलं. तो पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी गावात दोनशेंहून जास्त माणसं दगावली, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. हे चरित्र त्याचा सहकारी होरॅशिओ बार्डवेल यानं लिहिलं आणि १८३४ मध्ये ते अमेरिकेत छापलं गेलं.

आता इथे जरा थांबू या. पटकी काय करते हे हॉलला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्याचा जवळचा सहकारी सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत याच रोगानं गेला होता. म्हणजे त्याला नाशिकच्या वेशीवरूनच मागं फिरता आलं असतं. तो फिरला नाही. आजाऱ्यांपाशी गेला, जवळची औषधं वाटली. औषधं संपत आली तेव्हा परतीच्या वाटेला लागला. त्या वाटेवर जे गाव लागलं, त्याचं नाव मिशनच्या जुन्या कागदांत धोडी-दापूर असं येतं.

१९ तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास तो त्या गावात आला. देवळाच्या ओसरीत चटई टाकली आणि आडवा झाला. पहाटे चारला पुढच्या मजलेसाठी उठला, सामान आवरू लागला, आणि एकाएकी पोटात कळ येऊन जागीच कोसळला. पटकीच होती. थोडं औषध शिल्लक होतं ते घेतलं, पण पोटात ठरलं नाही. आपण यातून उठत नाही हे त्यानं लगेच ओळखलं आणि तसं पोरांना सांगितलंही. आपल्या चीजवस्तूंचं काय करायचं, पुरायचं कसं, सगळं सांगून ठेवलं. भोवती गावातली माणसं जमली होती, त्यांच्याशी बोलला. बायकोसाठी, मुलांसाठी, मुंबईतल्या सोबत्यांसाठी आणि या लोकांसाठी प्रार्थना केली. शेवटी तीन वेळा ईश्वराचा गौरव उच्चारला. दुखणं सुरू झाल्यापासून आठ तासांत सगळं आटोपलं. वयाची ४२ वर्षं पुरी व्हायला १९ दिवस बाकी होते.

मातीला जागा मिळायला त्रास पडला. पटकीचा मुडदा, परक्या मुलखातला, परक्या धर्माचा. पण अखेर जागा मिळाली. त्या दोन पोरांनी त्याला त्याच्याच घोंगडीत गुंडाळला आणि पेटीशिवाय पुरला. मग पोरं मुंबईला गेली आणि जे घडलं ते त्यांनी सांगितलं. आज मी तुम्हाला जे सांगतो आहे, ते त्या दोन पोरांच्या तोंडचंच.

गोष्ट संपल्यावर गुरुजींनी आम्हाला विचारलं, “त्याला ओसरीत झोपू का दिलं असेल रे?”

कोणी म्हणालं, गुरव झोपला असेल. कोणी म्हणालं, गोरा साहेब म्हणून घाबरले असतील. मी म्हणालो, “गुरुजी, रात्र झाली होती म्हणून.”

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, “हां. रात्र झाली होती म्हणून.”

घरी जाऊन मी दादीला ही गोष्ट सांगितली. आम्ही मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचं बलुतं ठरलेलं असायचं, आणि देवीपुढं पडणारं बकरं हलाल करायला मुलाणीच लागायचा. दादीनं लहानपणी पटकीची साथ पाहिली होती. माणसं घरं सोडून रानात राहायला गेलेली, मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर ओढून नेलेला, आणि त्या गाड्यापुढच्या बकऱ्यासाठी तिच्या वडिलांना बोलावणं आलेलं. ती म्हणाली, साथ असली की परगावच्या माणसाला शिवेच्या आत कुणी घेत नसे. मग हॉलला का घेतलं? दादी आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, “मुसाफिर को जात नै पूछते बेटा, पानी पूछते.”

मोठा झालो, बी.ए. केलं, पुस्तकं हाती लागली, तेव्हा या गोष्टीचं दुसरं अंगही दिसलं. ते लपवून ठेवणं बरोबर नाही. हॉल आणि त्याच्या पिढीचे मिशनरी आपल्या लोकांबद्दल जे लिहीत, ते वाचून त्रास होतो. हे सगळे अंधारात आहेत, यांचे देव खोटे, यांचे ग्रंथ खोटे, असा सूर. त्यात हिंदू आले, तसे आम्ही मुसलमानही आलो. ज्या देवळाच्या ओसरीत त्यानं चटई टाकली, ते देऊळ उद्या ओस पडावं अशीच त्याची प्रार्थना असणार. हे मला मान्य नाही, आणि होणारही नाही. मी एकदा गुरुजींना हे स्पष्टच बोललो. तोवर आमचं नातं मास्तर-विद्यार्थ्याच्या पलीकडं गेलेलं होतं. म्हटलं, “गुरुजी, भटाला दिली ओसरी अन् भट हातपाय पसरी, असं लोक म्हणतात ते काय उगाच?”

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, “तुझं खरं आहे. पण एक सांग, त्या दिवशी ओसरीत कोण कोणाला देत होतं? हा माणूस द्यायला आला होता ना? शेवटच्या दिवशी त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं. औषधसुद्धा संपलं. निजायला जागा गावानं दिली, मूठमाती दोन पोरांनी दिली. माझ्या चर्चमध्ये मी हीच गोष्ट सांगतो, आणि शेवटी हेच विचारतो.”

मला त्या दिवशी गुरुजी समजले. ते निष्ठेनं ख्रिस्ती होते. हॉलबद्दल त्यांना आदर होता, कृतज्ञता होती. पण ते गोष्ट सांगायचे ती ओसरीसकट.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. हॉलनंतर मिशनचं काम थांबलं नाही. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून मुंबईत आली. १८३१ मध्ये नगरला मिशनचं ठाणं झालं, पुढे फरारबाई तिथे मुलींची शाळा चालवू लागल्या. ती शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्याला परतून मुलींची शाळा काढण्याचं मनावर घेतलं. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे शिक्षणाचे धडे घेतले. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ निघालं. त्याच मिशनच्या आवारात पुढे नारायण वामन टिळक वावरले आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मराठीला मिळाली. हे सगळं हॉलमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यानं जी भाषा घासूनपुसून शिकून घेतली, तिच्यातूनच हे सगळं झालं, एवढं खरं.

आणि पटकीचं म्हणाल, तर पुढे शास्त्रज्ञांनी तिचा जंतू शोधला, दूषित पाण्यातून ती पसरते हे सिद्ध झालं. या रोगात माणसाच्या अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात आणि तो काही तासांत सुकून मरतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी! त्या गावातल्या कुठल्याही घरात मीठ होतं, गूळ होता. ठाऊक मात्र कोणालाच नव्हतं. ना हॉलला, ना गावाला. अज्ञान कोणा एका धर्माचं नसतं, हे मला या गोष्टीनं शिकवलं.

मला कविसंमेलनांतून अनेकदा विचारतात, “तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण प्रश्न ऐकला, की आपण अजून ओसरीतच आहोत, आत घेतलेलं नाही, असं वाटून जातं. आमच्या जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमद होऊन गेले. त्यांनी १७ व्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला, तेव्हा त्यांना कोणी हे विचारलं असेल का? मी पूर्वी चिडत असे. हल्ली गुरुजींची आठवण होते आणि मी हसून सांगतो, “मला एका ख्रिस्ती मास्तरांनी ज्ञानेश्वरी शिकवली.”

आता शेवटचं. एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट. गुरुजी ८४ वर्षांचे होते. दवाखान्यात नेलं आणि सहाव्या दिवशी गेले. मुलगा अमेरिकेत. ज्या देशातून हॉल आला, त्याच देशात. त्याचं येणं शक्य नव्हतं. संध्याकाळी फोनवर तो मला एवढंच म्हणाला, “काका, तुम्ही असाल ना तिथं?”

ख्रिस्ती कबरस्तानात आम्ही पाच जण होतो. पाळकसाहेब, त्यांच्या चर्चमधले एक गृहस्थ, मी, आणि नगरपालिकेची दोन पोरं, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. पेटी वेळेवर मिळाली नव्हती. गुरुजींना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. आमच्याकडे पेटीशिवायच दफन करतात, त्यामुळे मला त्याचं काही वाटायला नको होतं. पण वाटलं. आम्हाला दूर उभं केलं होतं. त्या दोन पोरांनीच दोर लावून गुरुजींना खाली उतरवलं, त्यांनीच माती लोटली. पाळकसाहेबांनी लांबून प्रार्थना म्हटली. मी मनातल्या मनात माझी म्हटली.

सगळं आटोपल्यावर पोरं पोशाख उतरवून नळावर हात धूत होती. वीस-बावीस वर्षांची असतील. घामानं निथळत होती. त्या दिवसातलं त्यांचं ते कितवं होतं, मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं १८२६ मधली ती दोन पोरं आली. गॉर्डन हॉलचं नाव इतिहासात राहिलं. ज्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळून मातीआड केला, आणि चालत जाऊन सगळं जगाला सांगितलं, त्यांची नावं राहिली नाहीत.

मी जवळ गेलो, खिशातली वही काढली आणि पोरांना त्यांची नावं विचारली.

एक जण जरा घाबरलाच. म्हणाला, “काका, काही चुकलं का?”

मी म्हटलं, “नाही रे बाळांनो. गुरुजींच्या मुलाला कळवायची आहेत.”

त्यांनी नावं सांगितली. एकाचं नाव हिंदू होतं, एकाचं बौद्ध. मी दोन्ही नीट लिहून घेतली, आणि रात्री अमेरिकेला फोन लावून आधी तीच सांगितली.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)